रणांगणातून परतलेला साक्षीदार : जॉन केरी आणि माजी सैनिकांचा रोष

२०२४ च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांमध्ये सैनिकी सेवेवरून जुंपली. टिम वॉल्झ यांनी २४ वर्षे नॅशनल गार्डमध्ये काढली होती. परंतु त्यांची तुकडी इराकला रवाना होण्यापूर्वी, २००५ साली, ते निवृत्त झाले होते. मरीन दलातून इराकला जाऊन आलेले जे. डी. व्हान्स यांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले. वृत्तपत्रांतून ही चकमक वाचताना जाणकारांना वीस वर्षांपूर्वीची एक निवडणूक आठवल्यावाचून राहिली नाही. त्याला कारणही होते. डोनाल्ड ट्रम्प यांच्या २०२४ च्या प्रचाराचे एक सूत्रधार ख्रिस लासिविटा हे २००४ साली जॉन केरी यांच्याविरुद्ध माजी नौसैनिकांनी चालविलेल्या मोहिमेचे सल्लागार होते. त्या मोहिमेने इंग्रजी भाषेला एक क्रियापदच दिले. एखाद्याच्या सैनिकी कारकिर्दीवर राळ उडवून त्याला नामोहरम करणे, याला आता तिकडे 'स्विफ्टबोट करणे' असे म्हणतात.

केरी यांच्या पराभवाची कहाणी साधारणपणे अशी सांगितली जाते : एका शूर सैनिकाच्या शौर्यपदकांविषयी खोट्या जाहिराती झाल्या, लोकांनी त्यांवर विश्वास ठेवला आणि ज्याने कधी युद्ध पाहिले नाही असा उमेदवार जिंकला. या कहाणीत तथ्य आहे; परंतु ती अपुरी आहे असे आमचे मत आहे. शेकडो माजी सैनिक एका सहकाऱ्याविरुद्ध पस्तीस वर्षांनी एकत्र येतात, तेव्हा त्यांच्यामागे कोणाचा पैसा होता एवढे सांगून प्रश्न सुटत नाही. त्यांचे खरे दुखणे १९६९ मधील नदीवरच्या लढाईविषयी नव्हते. ते होते १९७१ मधील एका भाषणाविषयी. हे दुखणे नीट समजून घेतल्याशिवाय, युद्धाला विरोध करणाऱ्या सैनिकाकडे इतर सैनिक कोणत्या नजरेने पाहतात हे कळणार नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. जॉन केरी हे १९४३ साली जन्मलेले, कॅथलिक कुटुंबात वाढलेले, येल विद्यापीठाचे पदवीधर. १९६६ साली पदवीदान प्रसंगी केलेल्या भाषणात त्यांनी अमेरिकेच्या व्हिएतनाम धोरणाविषयी शंका व्यक्त केली होती. तरीही ते स्वेच्छेने नौदलात दाखल झाले. १९६८ च्या नोव्हेंबरपासून १९६९ च्या मार्चपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने, ते मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात 'स्विफ्ट बोट' या गस्ती नौकेचे अधिकारी होते. ही ॲल्युमिनियमची, पन्नास फूट लांबीची नौका. तिच्यावर एक अधिकारी आणि पाच खलाशी. मुळात ती किनाऱ्यावर गस्त घालण्यासाठी होती. १९६८ च्या शरद ऋतूत ॲडमिरल एल्मो झुमवॉल्ट यांनी तिला अरुंद नद्यांत आणि कालव्यांत उतरविले. दोन्ही तीरांवर दाट झाडी, झाडीत दबा धरून बसलेला शत्रू आणि नौकेचा पत्रा बंदुकीच्या गोळीने भेदला जाईल इतका पातळ. झाडी नाहीशी करण्यासाठी झुमवॉल्ट यांनी 'एजंट ऑरेंज' या रसायनाची फवारणी करविली. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच नौकांवर अधिकारी होता. १९८८ साली तो कर्करोगाने वारला आणि त्या रसायनानेच त्याचा बळी घेतला असे पिता-पुत्र दोघांचेही म्हणणे होते.

या चार महिन्यांत केरी यांना एक सिल्व्हर स्टार, एक ब्राँझ स्टार आणि जखमी सैनिकाला दिली जाणारी तीन पर्पल हार्ट पदके मिळाली. तीनदा जखमी झालेल्याला रणक्षेत्रातून परत जाण्याची मुभा होती. ती त्यांनी घेतली. विरोधकांनी पुढे याचाही उल्लेख वारंवार केला. चार महिने कुठे आणि आमचे पूर्ण वर्ष कुठे, असा तो सूर होता.

परतल्यानंतर १९७० च्या जानेवारीत त्यांनी सक्रिय सेवा सोडली आणि लगेच मॅसॅच्युसेट्समधून काँग्रेसची निवडणूक लढविण्याची तयारी केली. येथे एक गोष्ट आमच्या वाचकांना विशेष वाटेल. त्याच मतदारसंघातून युद्धविरोधी उमेदवार म्हणून येशूसंघीय धर्मगुरू रॉबर्ट ड्रायनन पुढे आले, तेव्हा केरी यांनी माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला. फादर ड्रायनन निवडून आले आणि दहा वर्षे प्रतिनिधिगृहात बसले. धर्मगुरूंनी राजकीय पद धारण करू नये या पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आदेशानंतर १९८० साली त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचे ठरविले.

डेट्रॉईट ते वॉशिंग्टन

'युद्धविरोधी व्हिएतनाम माजी सैनिक' ही संघटना १९६७ साली स्थापन झाली होती. १९७१ च्या जानेवारीअखेर या संघटनेने डेट्रॉईट शहरात तीन दिवसांची एक जाहीर सुनावणी भरविली. शंभराहून अधिक माजी सैनिक एकामागून एक उभे राहिले आणि आपण काय केले, काय पाहिले हे सांगत गेले : कैद्यांना विमानातून फेकणे, गावे जाळणे, स्त्रियांवर अत्याचार, मृतांची विटंबना. वृत्तपत्रांनी या सुनावणीची फारशी दखल घेतली नाही. केरी तेथे प्रामुख्याने श्रोते होते. जे ऐकले ते वॉशिंग्टनला नेले पाहिजे, असे त्यांना वाटले.

एप्रिलमध्ये हजारभर माजी सैनिक राजधानीत जमले. मैदानात झोपू नये असा न्यायालयाचा आदेश असूनही ते झोपले. २२ एप्रिल १९७१ रोजी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे, अध्यक्ष विल्यम फुलब्राइट यांच्यासमोर, २७ वर्षांचे केरी सैनिकी वेषात आणि छातीवर पदकांच्या फिती लावून बसले. त्यांनी डेट्रॉईटच्या साक्षींचा गोषवारा दिला. असे प्रकार तुरळक नसून रोजचे आहेत आणि सर्व थरांतील अधिकाऱ्यांना ते ठाऊक आहेत, असे सांगितले. चंगीझ खानाची उपमा दिली. सरकारी रुग्णालयांत पडलेल्या जखमी सैनिकांची दैना सांगितली, बेकार माजी सैनिकांची सांगितली. आणि ज्या युद्धाची चूक सत्ताधाऱ्यांनाच कळून चुकली आहे त्यात मरणारा शेवटचा माणूस कोणी आणि का व्हावे, असा प्रश्न विचारला. हा प्रश्न अमेरिकेच्या राजकीय स्मृतीत कायमचा राहिला.

दुसऱ्या दिवशी शेकडो माजी सैनिकांनी आपली पदके कॅपिटॉलसमोरच्या कुंपणापलीकडे फेकली. केरी यांनी आपल्या फिती फेकल्या. जी पदके फेकली ती तेथे येऊ न शकलेल्या अन्य दोघांची होती. स्वतःची पदके त्यांच्याजवळच राहिली. फीत आणि पदक यांतला हा भेद सैनिकाला क्षुल्लक वाटत नाही. २००४ च्या एप्रिलमध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीने त्यांची १९७१ ची मुलाखत पुन्हा दाखविली तेव्हा त्यांना हे सारे नव्याने समजावून सांगावे लागले. आणि समजावणे जितके लांबले तितके ते अधिक संशयास्पद वाटू लागले.

केरी बोलले ते खोटे होते काय? या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणे योग्य होणार नाही. त्यांच्या साक्षीपूर्वी तीनच आठवडे, २९ मार्च १९७१ रोजी, माय लाय येथील हत्याकांडाबद्दल लेफ्टनंट विल्यम कॅली यांना लष्करी न्यायालयाने दोषी ठरविले होते. २००३ साली ओहायोतील 'टोलेडो ब्लेड' या वृत्तपत्राने 'टायगर फोर्स' या तुकडीने १९६७ साली केलेल्या हत्यांचा छडा लावला. त्यासाठी त्या पत्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले. २००६ साली 'लॉस एंजलिस टाइम्स'ने लष्कराच्याच गोपनीय दप्तरातून दाखवून दिले की ३२० आरोपांत तथ्य असल्याचे लष्कराच्या अन्वेषकांना त्या काळीच आढळले होते. माजी सिनेटर बॉब केरी (हे निराळे गृहस्थ, नामसादृश्याने घोटाळा होऊ नये) यांनी २००१ साली मान्य केले की २५ फेब्रुवारी १९६९ च्या रात्री थान फाँग या गावात त्यांच्या तुकडीच्या हातून स्त्रिया आणि मुले मारली गेली. जॉन केरी यांना ज्या चकमकीबद्दल सिल्व्हर स्टार मिळाला ती त्याच त्रिभुज प्रदेशात, त्यानंतर तीनच दिवसांनी झाली. तेव्हा क्रौर्य घडले यात संशय नाही. 'रोज' आणि 'सर्व थरांत' हे दोन शब्द मात्र पुराव्याच्या पुढे गेले. २००४ च्या एप्रिलमध्ये केरी यांनीच एका मुलाखतीत, ती भाषा संतापलेल्या तरुणाची होती आणि काहीशी अतिरेकी होती, असे कबूल केले.

त्यांनी काय ऐकले

व्हिएतनाममध्ये सुमारे २७ लाख अमेरिकन सैनिकांनी सेवा केली. ५८ हजारांहून अधिक मेले. जे परतले त्यांतील बहुसंख्यांनी कोणाचे कान कापले नव्हते की गाव जाळले नव्हते. ते कामगारांची, शेतकऱ्यांची मुले होती. बोलावणे आले म्हणून गेली आणि परतल्यावर त्यांचे स्वागत करायला कोणी नव्हते. अशा माणसाने दूरचित्रवाणीवर आपल्यासारखाच गणवेश घातलेला, उत्तम इंग्रजी बोलणारा, श्रीमंत विद्यापीठात शिकलेला एक तरुण अधिकारी पाहिला आणि तो सिनेटरांना आपल्या सर्वांच्या वतीने सांगत होता की आम्ही हे केले.

धर्मगुरू म्हणून आम्हाला या 'आम्ही'पाशी थांबावेसे वाटते. डेट्रॉईटमध्ये जे झाले ते कबुलीच्या जातीचे होते. माणूस उभा राहून 'मी केले' म्हणत होता. त्यात लाज होती, धैर्यही होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट जे लिफ्टन आणि चाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ माजी सैनिकांच्या गटांबरोबर बसून त्यांचे ऐकत होते; पुढे १९८० साली ज्या मानसिक आघाताला अधिकृत वैद्यकीय नाव मिळाले त्याचा अभ्यास त्या बैठकांतून पुढे गेला. परंतु एकाची कबुली दुसऱ्याने तिसऱ्याच्या नावाने सांगितली की ती कबुली राहत नाही, आरोप होतो. 'मी पाप केले' या वाक्यातला कर्ता बदलून 'आम्ही' करण्याचा अधिकार कोणालाही सहजासहजी मिळत नाही. (संपादकही 'आम्ही' म्हणूनच लिहितात, या सर्वनामाची सोय आणि त्याचा धोका आम्हाला थोडाफार परिचित आहे.)

केरी यांच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की त्यांनी स्वतःला वगळले नव्हते. साक्षीच्या चार दिवस आधी, १८ एप्रिल १९७१ रोजी, दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्यांनी आपणही मुक्त गोळीबाराच्या क्षेत्रांत गोळीबार केला, गावे जाळण्यात भाग घेतला असे म्हटले होते. शिवाय त्यांच्या भाषणाचा खरा रोख सैनिकांवर नव्हता. ज्यांनी हे धोरण आखले ते नेते आता कुठे आहेत, आपल्या सैन्याला सोडून ते निघून गेले आहेत, असे ते म्हणाले होते. आज ते भाषण अथपासून इतिपर्यंत वाचले तर सैनिकांसाठी केलेली कैफियत असेच ते वाटते. पण माणसे भाषण अथपासून इतिपर्यंत ऐकत नाहीत. जखम असलेला माणूस तर जखमेवर बसलेले वाक्यच ऐकतो.

युद्धकैद्यांची गोष्ट आणखी वेगळी. १९७३ साली ५९१ कैदी परत आले. त्यांतील काहींनी सहा-सात वर्षे उत्तर व्हिएतनामच्या तुरुंगांत काढली होती. 'आम्ही युद्धगुन्हेगार आहोत' असे लिहून द्यावे म्हणून त्यांचा छळ झाला होता. ते लिहून न देण्यासाठी ज्यांनी हाडे मोडून घेतली, त्यांना एक अमेरिकन अधिकारी तेच शब्द स्वखुशीने सिनेटपुढे बोलला हे कळले, तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल हे समजणे कठीण नाही. २००४ च्या दुसऱ्या जाहिरातीत एका माजी युद्धकैद्याने नेमके हेच सांगितले. इतिहासकार दाखवून देतात की १९६९ च्या अखेरीपासून, म्हणजे केरी यांच्या साक्षीच्या दीड वर्ष आधीपासून, कैद्यांचा छळ बराच कमी झाला होता. साक्षीमुळे छळ वाढला हा आरोप कालानुक्रमात बसत नाही. तथापि अपमानाची भावना कालानुक्रमाने ठरत नसते.

सत्ताधाऱ्यांनी हा रोष लवकरच हेरला. २३ एप्रिल १९७१ च्या ध्वनिफितींत अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सहकारी केरी यांच्या प्रभावाविषयी बोलताना ऐकू येतात. त्यांना तोडीस तोड असा माजी सैनिक हवा होता. तो जॉन ओनील यांच्या रूपाने सापडला. केरी यांच्यानंतर त्यांच्याच नौकेचे नेतृत्व ओनील यांच्याकडे आले होते. जूनमध्ये निक्सन यांनी त्यांना भेटीला बोलाविले आणि ३० जून १९७१ रोजी डिक कॅव्हेट यांच्या कार्यक्रमात दोघे समोरासमोर आले. पुढे केरी १९७२ ची काँग्रेसची निवडणूक हरले, १९८४ साली सिनेटवर निवडून आले. ओनील टेक्सासमध्ये वकिली करू लागले. तेहतीस वर्षे तो वाद राखेखाली निखाऱ्यासारखा पडून होता.

२००४

केरी यांच्या प्रचारकांनी त्या राखेवरच मंडप घातला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इराकमध्ये युद्ध चालू होते. युद्धकाळातील अध्यक्षाविरुद्ध उभे राहायचे तर उमेदवार योद्धा असला पाहिजे, असा त्यांचा हिशेब. जानेवारीत आयोवात, १९६९ साली केरी यांनी ज्याला नदीतून ओढून वर काढले होते तो जिम रॅसमन पुढे आला. तो रिपब्लिकन पक्षाचा होता; पण मी जिवंत आहे तो या माणसामुळे, असे त्याने सांगितले. आयोवाची प्राथमिक लढत केरी जिंकले. जुलैमध्ये बोस्टनच्या अधिवेशनात व्यासपीठावर नौकेवरील जुने सोबती उभे राहिले, खे सान येथे दोन्ही पाय आणि एक हात गमावलेले मॅक्स क्लीलंड यांनी उमेदवाराचा परिचय करून दिला आणि केरी यांनी सैनिकी सलाम ठोकून कर्तव्यावर हजर असल्याचे जाहीर केले.

सगळा भर मेकाँग नदीवर होता. सिनेटपुढची साक्ष जणू दुसऱ्याच कोणाच्या आयुष्यात घडली होती. हीच त्या प्रचाराची मोठी चूक होय, असे आम्हाला वाटते. चार महिन्यांच्या युद्धाचा उदोउदो झाला. दोन वर्षांच्या युद्धविरोधाविषयी मौन पाळले गेले. ज्या गोष्टीने हा माणूस राष्ट्राला माहीत झाला तीच त्याने सांगितली नाही. ती सांगण्याचे काम मग इतरांनी केले.

४ मे २००४ रोजी 'स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रूथ' या गटाने पत्रकार परिषद घेतली. दोनशेहून अधिक सह्या असलेले पत्र प्रसिद्ध केले. अग्रभागी ओनील होते आणि त्या काळी या नौकांचे वरिष्ठ अधिकारी असलेले निवृत्त रिअर ॲडमिरल रॉय हॉफमन होते. डग्लस ब्रिंक्ली यांनी केरी यांच्या युद्धसेवेवर लिहिलेल्या पुस्तकात आपले जे चित्र रंगविले आहे त्याने हॉफमन दुखावले होते. टेक्सासमधील गृहबांधणी व्यावसायिक बॉब पेरी यांनी पैसा पुरविला. ५ ऑगस्टला पहिली जाहिरात आली. ती केवळ तीन राज्यांत, सुमारे पाच लाख डॉलर खर्चून दाखविली गेली; परंतु वृत्तवाहिन्यांनी तिच्यावरच्या चर्चा इतक्या दळल्या की ती देशभर फुकट पोहोचली. केरी यांचे प्रचारक दोन आठवडे गप्प राहिले.

पहिली जाहिरात पदकांविषयी होती आणि ती पुराव्यापुढे टिकली नाही. रॅसमनला वाचविले त्या वेळी शत्रूचा गोळीबारच नव्हता, असे सांगणारे लॅरी थर्लो यांच्या स्वतःच्या ब्राँझ स्टारच्या प्रशस्तिपत्रात गोळीबाराचा उल्लेख होता. सिल्व्हर स्टारची शिफारस करणारे जॉर्ज इलियट यांनी आता विरोधी पत्रावर सही केली. परंतु १९९६ साली केरी यांच्यावर याच चकमकीवरून शंका घेण्यात आली, तेव्हा हेच इलियट बोस्टनला येऊन त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले होते. झुमवॉल्टही तेव्हा आले होते. आठ वर्षांत नदीवरचा इतिहास बदलला नव्हता. सप्टेंबरमध्ये नौदलाच्या महानिरीक्षकांनीही पदके रीतसर दिली गेली होती असाच निर्वाळा दिला.

दुसरी जाहिरात वेगळी होती. तिच्यात १९७१ च्या केरी यांचाच आवाज होता. इतरांच्या साक्षींचा गोषवारा आपण सांगत आहोत, हा संदर्भ तेवढा गाळला होता. तिचा परिणाम अधिक खोल झाला, कारण तिच्यात खोट्याला अर्ध्या सत्याचा आधार होता. त्याआधी फेब्रुवारीत केरी आणि अभिनेत्री जेन फोंडा एकाच व्यासपीठावर असल्याचे एक छायाचित्र फिरत होते. ते बनावट निघाले. १९७१ चे केरी आणि १९७२ च्या फोंडा यांना एकत्र चिकटविले होते. गंमत अशी की १९७० च्या एका सभेत दोघे श्रोत्यांत काही रांगांच्या अंतराने बसलेले दिसतात असे खरे छायाचित्रही होते. पण त्याने कोणाचे समाधान झाले नसते.

माजी सैनिकांचे मत एकमुखी होते असे मात्र कोणी समजू नये. केरी यांच्या नौकांवरील खलाशांपैकी एक स्टीव्ह गार्डनर वगळता जवळजवळ सर्व त्यांच्या पाठीशी होते. साडेपाच वर्षे युद्धकैदी असलेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांनी पहिली जाहिरात अप्रामाणिक आणि लाजिरवाणी ठरविली. आम्हाला सर्वांत लक्षणीय वाटतात ते विल्यम रूड. २८ फेब्रुवारी १९६९ च्या चकमकीत तीन नौका होत्या. एकीवर केरी, दुसरीवर डोनाल्ड ड्रोझ, तिसरीवर रूड. ड्रोझ सहा आठवड्यांनी मारले गेले. रूड पुढे 'शिकागो ट्रिब्यून'च्या संपादकवर्गात दाखल झाले आणि पस्तीस वर्षे या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. २२ ऑगस्ट २००४ रोजी त्यांनी आपल्याच पत्रात लिहिले. केरी यांना मत द्या असे त्यांनी लिहिले नाही. त्या दिवशी तेथे असलेल्या, प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या आपल्या खलाशांच्या शौर्यावरही या आरोपांनी शिंतोडे उडत आहेत, म्हणून बोलावे लागते, एवढेच.

निवडणुकीत बुश यांना ५०.७ टक्के आणि केरी यांना ४८.३ टक्के मते मिळाली. मतदानोत्तर पाहणीनुसार सैनिकी सेवा केलेल्या मतदारांपैकी ५७ टक्क्यांनी बुश यांना आणि ४१ टक्क्यांनी केरी यांना मत दिले. अमेरिकेतील माजी सैनिक मुळातच रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले असतात; त्यामुळे हा आकडा केवळ जाहिरातींचा परिणाम म्हणून वाचता येत नाही. केंद्रीय निवडणूक आयोगाने २००६ च्या डिसेंबरमध्ये स्विफ्ट बोट गटाला निधीविषयक नियमभंगाबद्दल जवळजवळ तीन लाख डॉलर दंड केला. तोपर्यंत बुश यांच्या दुसऱ्या कारकिर्दीची दोन वर्षे उलटली होती.

यातली विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. बिल क्लिंटन व्हिएतनामला गेलेच नाहीत, उलट युद्धाविरुद्ध निदर्शने केली. त्यांनी १९९२ आणि १९९६ साली दुसऱ्या महायुद्धातील दोन वीरांना, थोरले बुश आणि बॉब डोल यांना, हरविले. धाकटे बुश टेक्सासच्या हवाई नॅशनल गार्डमध्ये राहिले. डिक चेनी यांनी पाच वेळा सवलत घेतली. यांपैकी कोणावरही माजी सैनिकांचा असा संघटित हल्ला झाला नाही. जो गेला नाही त्याला बहुतेकांनी माफ केले. जो गेला, लढला, परत आला आणि मग ते चुकीचे होते असे म्हणाला, त्याला माफी मिळाली नाही. न गेलेला माणूस परका असतो. त्याच्या मताने आपल्या मेलेल्या मित्राच्या मरणाचा अर्थ बदलत नाही. सोबत लढलेल्याच्या मताने तो बदलतो. आपला भाऊ व्यर्थ मेला हे कोणाच्या तोंडून ऐकायचे असते?

आणि तरीही ते कोणीतरी बोलणे आवश्यक होते. केरी यांच्या साक्षीनंतर सात महिन्यांनी, १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी ठराव केला की या युद्धातून जे भले साधेल त्यापेक्षा मानवी जीवनाचा आणि नैतिक मूल्यांचा त्यातून होणारा संहार मोठा आहे. म्हणजे जे २७ वर्षांचा तरुण एप्रिलमध्ये बोलला त्याच्या आशयापाशी आमचे ज्येष्ठ वर्षाच्या अखेरीस पोहोचले. २००४ साली कॅथलिक पत्रांची बरीच शाई, केरी यांना परमप्रसाद द्यावा की नाही, या वादावर खर्च झाली. तो प्रश्न गंभीर होताच. पण न्याय्य युद्धाची शिकवण ज्याने स्वतःच्या छातीवरची फीत काढून सार्वजनिक जीवनात आणली अशा उमेदवाराच्या या बाजूविषयी त्याच पत्रांनी थोडे अधिक लिहिले असते, तर वाचकांचा तोटा झाला नसता.

सर्व माजी सैनिकांनी राग जपून ठेवला असेही नाही. १९८४ साली केरी प्रथम सिनेटसाठी उभे राहिले तेव्हा मॅकेन मॅसॅच्युसेट्सला येऊन त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या प्रचारात सहभागी झाले होते. पदके फेकल्याचा राग त्यांच्याही मनात होता. १९९१ साली आखाती युद्धानंतर कुवेतला जाणाऱ्या विमानात दोघे समोरासमोर आले आणि रात्रभर व्हिएतनामविषयी बोलत राहिले. त्यानंतर बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या सिनेट समितीत केरी अध्यक्ष आणि मॅकेन सदस्य होते. अमेरिकन कैदी अजून तेथे जिवंत आहेत अशी आशा धरून बसलेल्या कुटुंबांचा रोष दोघांनी सोसला. हनोईत, जेथे मॅकेन कैदेत होते त्या कोठडीत दोघे एकत्र उभे राहिले. या दोघांच्या आग्रहाचा मोठा वाटा असलेल्या प्रक्रियेतून १९९४ साली व्यापारबंदी उठली आणि ११ जुलै १९९५ रोजी दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध पूर्ववत झाले. मॅकेन २०१८ साली निवर्तले. युद्ध योग्य होते की नाही याविषयी त्या दोघांचे कधीच एकमत झाले नव्हते.

२०१७ च्या जानेवारीत, परराष्ट्रमंत्री म्हणून अखेरच्या दौऱ्यात, केरी का माउ द्वीपकल्पातील त्या नदीवर गेले. सिल्व्हर स्टारच्या चकमकीत त्यांनी एका व्हिएतकाँग सैनिकाला गोळी घातली होती. तो पळून जाणारा पोरसवदा मुलगा होता, असे २००४ साली त्यांचे विरोधक सांगत होते. नदीकाठी केरी यांना सत्तर वर्षांचा एक कोळंबीपालक भेटला. तो त्या दिवशी दुसऱ्या बाजूने लढत होता आणि मेलेल्या माणसाला ओळखत होता. त्याने केरी यांना त्याचे नाव सांगितले आणि तो चोवीस वर्षांचा होता असे सांगितले. केरी त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते.